आवाजाचा आकडा कोण लिहिणार?

साशंक : आवाज कमी-जास्त करायला बटण आहे. घरात रेडिओ आला तेव्हापासून माणसं ते फिरवत आली आहेत, आणि त्यात कोणाचं मनगट दुखल्याचं ऐकिवात नाही. तुम्ही मात्र फाइलीफाइलीत एकेक आकडा लिहून ठेवता. प्लेअरने तो वाचायचा आणि परस्पर बटण फिरवायचं. मग तो आकडा चुकला म्हणून दुरुस्त करा, दुरुस्तीत दुसरं काही बिघडलं म्हणून ते निस्तरा. आधी एवढंच सांगा, या आकड्यांवाचून नेमकं काय अडलं होतं?

हौशी : सलग ऐकणं अडलं होतं. एक तबकडी किंवा कॅसेट लावायची आणि ती संपेपर्यंत ऐकायची, अशी रीत होती तोवर बटण एकदा फिरवलं की भागायचं. आता एका हार्ड डिस्कवर काही हजार गाणी, आणि ती कुठल्याही क्रमाने वाजणार. मल्लिकार्जुन मन्सूरांचा एलपीवरून उतरवलेला ख्याल संपतो आणि पाठोपाठ २००० सालानंतरचं एखादं सिनेमातलं गाणं येतं. मधे दहा डेसिबलची उडी सहज असते. दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज. ही उडी गाणाऱ्यांपैकी कोणीच घेतलेली नाही. सीडीच्या काळात, विशेषतः १९९० नंतर, आपली डिस्क इतरांपेक्षा दणदणीत वाजावी म्हणून कंपन्यांनी लिमिटर लावून आवाजाची शिखरं दाबली आणि उरलेलं सगळं वर उचललं. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबलेला निघाला की त्याच गाण्यांचं ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधलं रूप चाहत्यांना अधिक मोकळं वाटलं. या चढाओढीत मार बसला तो सौम्य, जुन्या ध्वनिमुद्रणांना. मिश्र यादीत ती पडेल वाटतात आणि माणूस ‘पुढचं’ दाबून मोकळा होतो.

डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये रिप्लेगेनची कल्पना मांडली ती यासाठी. फाइलीतल्या नादाला हात लावायचा नाही. तो कानाला किती मोठा भासतो ते मोजायचं, आणि ठरलेल्या पातळीशी जुळायला किती डेसिबल वाढवावे किंवा कमी करावे लागतील ते गाण्याच्या नावाशेजारी, गायकाच्या नावाशेजारी टॅगमध्ये नोंदवायचं. असे दोन आकडे : एक त्या ट्रॅकपुरता, एक सबंध अल्बमचा. त्यांच्या जोडीला दोघांची सर्वोच्च शिखरं, म्हणजे वाढवताना आवाज फाटणार नाही ना, हे प्लेअरला कळावं. एकूण चार नोंदी. नको असतील तर पुसून टाका, गाणं जसंच्या तसं. याहून निरुपद्रवी उपाय मला तरी माहीत नाही.

साशंक : ‘कानाला किती मोठा भासतो’ हे तुम्ही फार पटकन बोलून गेलात. भासतो कोणाच्या कानाला? माझ्या, तुमच्या, की शेजारच्या आजींच्या? डेसिबल मोजणं मी समजू शकतो. भासणं मोजायचं म्हणजे आधी एक सरासरी श्रोता कल्पायचा आणि मग त्याच्या कानाने सगळ्यांना ऐकायला लावायचं.

हौशी : अगदी बरोबर, तसंच आहे. कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही. खर्ज त्याला कमी ऐकू येतो, दोन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो तिखट होतो. म्हणून मोजण्याआधी नाद एका चाळणीतून काढतात. रॉबिन्सन यांच्या मूळ पद्धतीत गाण्याचे ५० मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाची ताकद मोजायची, चढत्या क्रमाने लावायची आणि ९५ टक्क्यांच्या पायरीवरचा तुकडा त्या गाण्याचा प्रतिनिधी धरायचा. पातळी सिनेमागृहांच्या ८३ डेसिबलवरून घेतली होती. ती फार हळू वाटली म्हणून प्रत्यक्षात सगळ्यांनी ८९ धरली. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं बीएस.१७७० हे मापन २००६ मध्ये आलं, त्यावर युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये आर१२८ ही शिफारस बांधली आणि उणे २३ एलयूएफएस (भासणाऱ्या आवाजाचं डेसिबलमधलं माप) ही पातळी ठरवली. रिप्लेगेनच्या दुसऱ्या आवृत्तीने तेच मापन घेतलं, पातळी मात्र उणे १८ ठेवली, म्हणजे जुन्या ८९ च्या जवळपास. हा पाच डेसिबलचा फरक लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला छळणार आहे. तर सरासरी श्रोता कल्पिलेला आहे, हे कबूल. पण असंख्य लोकांचं रोजचं टीव्ही-रेडिओ ऐकणं याच मापावर चाललंय आणि ठीक चाललंय.

साशंक : टीव्हीवर बातम्या आणि जाहिराती असतात. त्यांचा आवाज सारखा झाला तर मी टाळ्याच वाजवीन. माझी शंका ख्यालाबद्दल आहे. तुमच्या या नव्या मापनात एक दार आहे, बरोबर? आवाज सरासरीच्या दहा एककं खाली गेला की तो तुकडा हिशेबातच धरायचा नाही. बातमीदाराने श्वास घेतला, दोन वाक्यांत थांबला, तर ती शांतता मोजू नये, हे ठीक. पण गायक डोळे मिटून मंद्रात स्वर लावतो, तबला अजून सुरू व्हायचाय, मागे फक्त तानपुरे. ही दहा मिनिटं पुढच्या तानांच्या मानाने इतकी खाली असू शकतात की ती दाराबाहेरच राहतील. म्हणजे गाण्याचा जो भाग ऐकायला जाणकार सर्वांत आधी सरसावून बसतो, तो तुमच्या मापकाने ऐकलेलाच नाही! उलट वारकरी भजनात पंधरा-वीस जोड टाळ अखंड वाजत असतात. ते तिखट, आणि तुमची चाळणी तिखटपणाला वरचे गुण देते. मग भजनाचा आकडा फुगतो, प्लेअर ते खाली आणतो आणि अभंग म्हणणाऱ्याचा गळा ख्यालवाल्याच्या गळ्याहून बारीक ऐकू येतो. सारखं काय झालं मग?

हौशी : एकूण दणका सारखा झाला. गळा सारखा झाला नाही. मापक गळा आणि टाळ वेगळे ओळखत नाही, आणि ओळखावेत अशी अपेक्षाही त्याच्याकडून नव्हती. दाराबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडेन. ते दार नसतं तर काय झालं असतं? लांबलचक मंद आलापाने सरासरी खाली ओढली असती, प्लेअरने सगळा ख्याल आणखी चढवला असता आणि द्रुतातल्या तिहाईला तुम्ही खुर्चीतून उडाला असता. मापकाने आलाप ऐकला नाही असं म्हणण्यापेक्षा, आलापाला ज्या शांततेची गरज होती ती त्याने भरून काढायचा प्रयत्न केला नाही, असं म्हणा.

साशंक : वकिली छान आहे. चला, तो मुद्दा सोडतो. पण याहून ढोबळ गोष्ट मी स्वतः ऐकलेली आहे. एका मैफिलीचं ध्वनिमुद्रण. सीडी करताना विलंबित ख्याल पहिला ट्रॅक आणि द्रुत दुसरा, असे तुकडे पाडलेले. मधे खंड नाही. तबलजी ठेका बदलतो, तानपुरे चालूच. आणि नेमक्या त्या क्षणी तानपुरे एकदम मागे सरकतात, जणू कोणी खोलीचं दार लोटलं. मग द्रुत सुरू होतं ते निस्तेज. सुरुवातीला मला सीडीच खराब वाटली. दोष तुमच्या टॅगचा निघाला.

हौशी : टॅगचा नाही, टॅगांपैकी चुकीचा निवडला त्याचा. तुमचं उदाहरण आकड्यात मांडतो. समजा विलंबिताची मोजलेली पातळी उणे २२ आहे आणि द्रुताची उणे १७. ट्रॅकच्या हिशेबाने विलंबिताला अधिक ४ डेसिबल मिळतात आणि द्रुताला उणे १. जोडाच्या जागी पाच डेसिबलचा कडा तयार झाला, आणि तानपुरा त्यावरून खाली पडला. अल्बमच्या हिशेबाने दोन्ही ट्रॅकना एकच आकडा मिळतो, समजा अधिक २ च्या आसपास, आणि विलंबित-द्रुताचं नातं गायकाने ठेवलं तसंच राहतं. बहुतेक चांगल्या प्लेअरमध्ये ‘ट्रॅक’, ‘अल्बम’ आणि ‘आपोआप’ अशी निवड असते. गाणी विस्कटून लावली तर ट्रॅक, ओळीने लावली तर अल्बम. स्पॉटिफायसुद्धा पूर्ण अल्बम ओळीने वाजताना ट्रॅकांमधला फरक तसाच ठेवतं. तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न या एका सेटिंगमध्ये सुटतो, असा माझा अनुभव आहे.

साशंक : आणि उरलेल्या निम्म्यांचा?

हौशी : त्यांच्या कथा रंजक असतात. एकाच्या संग्रहात ‘वारकऱ्यांचे अभंग’ नावाचा अल्बम होता, त्याने स्वतःच जमवलेला. सगळ्या फाइली एका फोल्डरात, पडद्यावर अल्बमचं नावही एकच. तरी अर्धे अभंग एका पातळीवर वाजायचे आणि अर्धे तीन डेसिबल खाली. मोजणारा प्रोग्राम अल्बमच्या नावावरून गट पाडत होता, आणि त्याच्या लेखी हे दोन अल्बम होते. कारण काय, तर ‘ऱ्यां’. अर्धी नावं लिहिताना कळफलकाने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांत साधा ‘र’, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण केलं तरी हे दोन एक होत नाहीत. नाव एकदा नव्याने टाइप करून सगळ्या फाइलींना एकत्र चिकटवलं, पुन्हा मोजलं, प्रश्न संपला. मराठी संग्रह सांभाळणाऱ्याने आवाजाच्या तक्रारीत आधी शुद्धलेखन तपासावं, हे इंग्रजी मदतपुस्तिकांत कुठेही लिहिलेलं नसतं!

दुसरी कथा एमपी३ची. एमपी३च्या टॅगांना दोन घरं आहेत : पुढे आयडी३, आणि कधी कधी मागे एपीई. एकाने फार पूर्वी सगळ्या फाइली मोजून आयडी३मध्ये आकडे लिहिले. पुढे गाडीतल्या प्लेअरला टॅग वाचता येत नाहीत म्हणून एमपी३गेन हे साधन चालवलं. ते टॅगवर थांबत नाही. एमपी३च्या प्रत्येक चौकटीत आवाजाची जी पायरी लिहिलेली असते तीच बदलतं, दर पायरी दीड डेसिबल. बदल किती केला ते एपीई टॅगमध्ये नोंदवतं, म्हणजे उलटवता यावा. आता फाइल स्वतः सहा डेसिबल खाली आलेली, आणि आयडी३मधला जुना आकडा अजून म्हणतोय, ‘सहा डेसिबल खाली आणा’. आयडी३ वाचणारा प्लेअर इमानाने आणखी सहा उतरवतो. त्याच फाइली एपीई वाचणाऱ्या दुसऱ्या प्लेअरवर ठीक. बिचारा स्पीकर बदलायला निघाला होता.

आणि ते पाच डेसिबल. ओपस या प्रकारच्या फाइलींनी रिप्लेगेनची नावं घेतली नाहीत. २०१६ च्या त्यांच्या नियमावलीत टॅगचं नाव आर१२८ आहे, पातळी उणे २३ आहे, आणि आकडा डेसिबलमध्ये लिहायचाच नाही. डेसिबलला २५६ ने गुणून येणारा पूर्णांक लिहायचा. एखादं गाणं फ्लॅक प्रकारच्या फाइलीत असेल आणि त्याला ‘उणे ६’ लिहिलं असेल, तर त्याच गाण्याच्या ओपसमध्ये उणे ११ गुणिले २५६, म्हणजे उणे २८१६ दिसेल. घाबरून जाऊ नका, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. पण काही प्लेअर २५६ ने भागतात आणि मधले पाच मिळवायला विसरतात. मग संग्रहातली सगळी ओपस गाणी फ्लॅकच्या शेजारी नेमकी पाच डेसिबल हळू वाजतात. फरक असा नेमका पाचाचा आला की दुसरं कारण शोधत बसू नये.

(लेखकाची मधेच एक पुरवणी. आवाज जुळवणाऱ्या ॲपलच्या साउंड चेकचं सगळंच निराळं आहे. ते शेऱ्याच्या रकान्यात ‘आयट्यूननॉर्म’ नावाने दहा षोडशमानी आकड्यांची ओळ लिहितं. रिप्लेगेन वाचणाऱ्या प्लेअरला त्यातलं काही कळत नाही. आयट्यून्समधून आलेल्या फाइलींना ‘टॅग तर आहे, पण परिणाम नाही’ असं होतं त्याचं कारण बहुधा हेच. हौशी माणसांना ॲपलचं वावडं असल्यामुळे ते हे सांगत नाहीत.)

साशंक : तुम्ही हे आनंदाने सांगताय आणि मला धास्ती वाटतेय. आकडा कोणी लिहिला, कोणत्या पद्धतीने, गाणं कापण्याआधी की नंतर, याची काही नोंद असते का? फाइलीचा शेवटचा टाळ्यांचा गजर मी छाटला, तर जुना आकडा तसाच बसून राहतो ना? एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात फाइल फिरवली की आकडाही आंधळेपणाने बरोबर जातो ना? सही-तारखेशिवायचा कागद मी कचेरीत स्वीकारला नसता. इथे तर त्या कागदाच्या जिवावर माझ्या घरातला आवाज ठरतोय.

हौशी : तारीख नसते, सही नसते. मेटाफ्लॅक हे साधन ‘संदर्भपातळी ८९’ एवढं टिपून ठेवतं, बाकीचे बहुधा तेही करत नाहीत. म्हणून माझा नियम असा, की कोणाचा आकडा खरा हे शोधत बसायचंच नाही. जुने सगळे पुसायचे, दोन्ही घरांतले, आणि एकाच साधनाने, एकाच पद्धतीने, सगळा संग्रह पुन्हा मोजायचा. मोजणं संगणक करतो, आपण झोपावं. एकच पथ्य : एमपी३गेनमधून गेलेल्या फाइलींचे एपीई टॅग पुसण्याआधी त्यातली उलटवण्याची नोंद वापरून फाइल पूर्वस्थितीला आणायची. ती नोंद गेली की मूळ पायरी कोणती होती हे सांगणारं कोणी उरत नाही.

साशंक : म्हणजे सगळं पुन्हा, नीट, एका हाताने मोजलं. गट बरोबर पाडले. ‘गीतरामायणा’च्या चार-पाच डिस्क वेगवेगळे अल्बम म्हणून न मोजता ५६ गीतांचा एकच अल्बम धरला, म्हणजे डिस्क बदलताना उडी नाही. प्लेअर ‘अल्बम’वर ठेवला. मग तरी माझ्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं काय झालं? ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेल्या त्यांच्या गाण्यांचा एक संच आहे माझ्याकडे. तीन-सव्वातीन मिनिटांचं एकेक गाणं. अल्बमवर ठेवलं की एक गाणं ऐकायला कान टवकारावे लागतात आणि पुढचं अंगावर येतं. ट्रॅकवर ठेवलं तर बरं वाटतं, पण एक गाणं तरीही हटूनच बसतं, काही केल्या वर येत नाही. त्याचा टॅग मी उघडून पाहिला. वाढ लिहिली आहे अधिक ६.४० डेसिबल. प्लेअर मात्र ती देतच नाही.

हौशी : त्याच्या शिखराचा आकडा किती आहे?

साशंक : ०.९९८.

हौशी : मग सापडलं! १ म्हणजे छत. शिखर ०.९९८ वर असेल तर वर जागा उरली डेसिबलच्या दोन शतांश. ‘आवाज फाटू देऊ नकोस’ असं प्लेअरला सांगून ठेवलेलं असतं, म्हणून ६.४० मधले तो जवळजवळ शून्य देतो. पण गाणं इतकं हळू असताना शिखर छताला कसं टेकलं? तबकडीवरच्या ओरखड्याने. एक ‘टक्’. सुईने खाल्लेला एक खड्डा गाण्यापेक्षा कितीतरी उंच उडालाय, आणि त्याच्या मानासाठी सगळं गाणं खाली बसवलंय. उपाय आहे. त्या गाण्यापुरतं फाटण्याचं संरक्षण काढा. सहा डेसिबल वर आलं की ती ‘टक्’ कापली जाईल, गाणं शाबूत राहील. ओरखड्याचं टोक कापलं गेलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

साशंक : पण प्लेअरला ते ठाऊक नाही! त्याला ओरखड्याचं शिखर आणि भीमसेनांच्या तार षड्जाचं शिखर सारखंच. एक कापलं तर फायदा, दुसरं कापलं तर पाप. आणि तुमच्या सगळ्या व्यवस्थेचं दुखणं मला इथेच दिसतं. मैफिलीच्या सीडीवर विलंबित हळू आणि द्रुत मोठं, कारण गाणाऱ्याने तसं गायलं. तो फरक जपायचा, म्हणून अल्बम. खाँसाहेबांच्या संचात एक गाणं हळू आणि दुसरं मोठं, कारण एक तबकडी झिजलेली, दुसरी धड, आणि उतरवणाऱ्याने पातळी जुळवण्याची तसदी घेतली नाही. तो फरक मोडायचा, म्हणून ट्रॅक. दोन्ही ठिकाणी फाइलीत दिसतो तो फरक एकाच जातीचा, काही डेसिबलांचा. एक कलावंताने केलेला, एक अपघाताने झालेला. यातला कोणता कोणता, हे तुमच्या चार नोंदींपैकी कुठल्या नोंदीत लिहिलंय?

हौशी : कुठल्याच नाही. ते मोजता येत नाही.

साशंक : मग ‘आवाजाची दुरुस्ती’ असं म्हणू नका. संपादन म्हणा.

हौशी : म्हणतो. संपादनच आहे. अल्बमचं नाव लिहिताना आपण ‘हे सगळं एकत्र ऐकायचं आहे’ असा निर्णय देत असतो, आणि मोजणारा प्रोग्राम तो निर्णय इमानाने आकड्यात उतरवतो. पण आता तुमच्या बाजूला वळतो. ‘कलावंताने केलेला फरक’ असं तुम्ही ठामपणे म्हणालात. तो कलावंतानेच केला हे कशावरून? जुन्या खासगी मैफिली स्पूलवर किंवा कॅसेटवर घेतलेल्या असतात. घेणारा रसिक मशीनपाशी बसलेला. द्रुत रंगायला लागलं, काटा लाल रंगात गेला, की तो घाबरून पातळी खाली ओढायचा. आलाप फार खाली गेला की वर सारायचा. काही कॅसेट रेकॉर्डरांत तर हे काम आपोआप करणारं सर्किटच असायचं. टाळ्या थांबल्या की दोन सेकंदांनी तानपुरे हळूहळू वर येतात, ऐकलंय ना? ते तानपुरे कोणी मोठे वाजवले नव्हते. म्हणजे ज्याला तुम्ही मूळ म्हणून जपताय त्यात दुसऱ्या कोणाचा हात आधीच फिरून गेलाय, आणि त्याने टॅगही ठेवलेला नाही, उलटवण्याची नोंदही नाही. माझ्या आकड्याला सही नाही म्हणून तुम्ही रागावलात. त्याच्या हाताला कुठे होती?

साशंक : तो हात त्या रात्री तिथे हजर होता. गाणं चालू असताना, गाणाऱ्याकडे बघत फिरला. चुकला असेल, पण ऐकून चुकला. तुमचा मापक न ऐकता बरोबर येतो. मला पहिला जवळचा वाटतो, आणि ही माझी आवड आहे, युक्तिवाद नाही, हे मान्य करतो.

हौशी : आवडीवरच संपादन चालतं. माझं म्हणणं इतकंच, की त्या रसिकाची चूक कायमची कोरली गेली आणि माझी पुसता येते. म्हणून मी निर्धास्तपणे लिहितो.

साशंक : पुसता येते, पण पुसतं कोण? लोक एकदा मोजतात आणि विसरतात. मग तीच पातळी ‘खरी’ वाटू लागते. माझ्याकडच्या स्पूलवरून उतरवलेल्या मैफिलींना मी मोजू देणार नाही. त्यांत टॅग नकोत.

हौशी : टॅग नसला म्हणजे हस्तक्षेप नाही, असं नसतं हो. फूबार२००० हा प्लेअर घ्या. त्यात टॅग असलेल्या फाइलींसाठी एक प्रीअँप, म्हणजे सरसकट लागू होणारी वाढ-घट, आहे आणि नसलेल्यांसाठी दुसरा. नसलेल्या फाइली बहुतेक नव्या, दाबलेल्या, दणदणीत असणार असं धरून अनेकजण दुसरा प्रीअँप उणे सहा-आठवर ठेवतात. तुमच्या मैफिली आधीच हळू. त्या आणखी खाली जातील, आणि हे तुम्हाला कुठल्याही टॅगमध्ये दिसणार नाही.

साशंक : मग त्यांना शून्य लिहा. अल्बम शून्य, ट्रॅक शून्य. हाताने लिहा. ‘या फाइलीला हात लावू नका’ असं प्लेअरच्या भाषेत सांगायचं तर ते शून्यच ना?

हौशी : लिहितो. चालतं ते, वैध आकडा आहे. फक्त शून्य लिहिलं की ती फाइल टॅगवाली ठरते आणि तिला टॅगवाल्यांचा प्रीअँप लागू होतो. तुमच्या प्लेअरमध्ये तो कितीवर आहे, ते आधी बघून मला सांगा.